उणे पंचवीस हजार दोनशे सोळा

आठचं फॅक्टोरिअल किती? एक ते आठ हे आकडे एकमेकांनी गुणले की ४०,३२० येतात. सातवीतलं पोरगंही कागदावर मांडून काढून देईल. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र ते उणे २५,२१६ यायचं. प्रोग्राम बरोबर, टायपिंग बरोबर, सातपर्यंतची सगळी उत्तरं बरोबर, आणि आठवर एकदम ऋण चिन्ह. शेजारच्या मशीनवरचा मित्र म्हणाला, "आठ कायले करून राहिली तू? सातपर्यंत येते ना बरोबर! तेवढंच चिकटव जर्नलमध्ये." निम्म्या बॅचने तेच केलं. जर्नल तपासलं गेलं, सही झाली.

कारण समजायला मला बराच वेळ लागला, कारण ते कुणाला विचारावं हेच समजत नव्हतं. आम्हाला शिकवायला होतं टर्बो सी++, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर. त्यात पूर्णांकाला सोळा बिट मिळतात. सोळा बिटांत उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढेच आकडे बसतात. ४०,३२० त्यात मावत नाही. मग त्यातून ६५,५३६ वजा होतात आणि उरतात उणे २५,२१६. रूमवर लॅपटॉपवर तोच प्रोग्राम नव्या कंपायलरवर चालवला की ४०,३२० यायचे, कारण तिथे पूर्णांकाला बत्तीस बिट असतात.

हे टर्बो सी आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालतच नाही. त्यामुळे ते डॉसबॉक्समध्ये चालवायचं, आणि डॉसबॉक्स बनलं आहे डॉसच्या काळातले जुने गेम खेळता यावेत म्हणून. थोडक्यात, आमचं प्रॅक्टिकल जुने गेम चालवायच्या सोयीवर चालत होतं. त्या निळ्या खिडकीत माउसचा बाण एकदा अडकला की बाहेर यायचा नाही. कंट्रोल आणि एफ-टेन एकत्र दाबलं की सुटतो, ही माहिती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचला तोंडी मिळायची. सी++ भाषेचं प्रमाणीकरण १९९८ साली झालं. त्याच्या आधीची बोली आम्ही परीक्षेत लिहायचो आणि नंतरची घरी. परीक्षेत हेडर फाइलच्या नावापुढे "डॉट एच" लावायचं, रूमवर काढायचं. हिवाळी परीक्षेत एक व्याकरण, दिवाळीच्या सुट्टीत दुसरं.

मी मूळची पवनीची. बीसीए आणि पुढे एमसीए नागपुरात झालं. कॉलेज हिंगणा रोडला, रूम सुभाषनगरात, आणि संध्याकाळचं काम सीताबर्डीतल्या एका डीटीपीच्या दुकानात. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर ही तिन्ही ठिकाणं एका सरळ रेषेत येतात, म्हणून हे जमलं. दुकानात लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, सबमिशनच्या दिवसांत प्रोजेक्ट रिपोर्टचं सेटिंग आणि हार्ड बाइंडिंग. आणि बाराही महिने ऑनलाइन फॉर्म.

नागपुरात कॉम्प्युटर शिकायचं म्हणजे आधी उन्हाशी जमवून घ्यावं लागतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नसतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. एवढं नसलं तरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस हे आमचं मे महिन्यातलं नेहमीचं गणित. प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो, नाहीतर जळेल. त्यामुळे सकाळी भराभर चालणारा लॅपटॉप दुपारी दोनला अगदी रेंगाळायचा. मग तो कूलरसमोर ठेवावा, तर कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक कण. पंख्याखाली ठेवावा, तर पंखा गरम हवाच खाली ढकलणार. नवतप्यात मी पहाटे चारला उठून कोड लिहायचे, हे अभ्यासूपणामुळे नाही. लाइट गेली की यूपीएस केकाटायचा, आणि त्या आवाजात जे सेव्ह झालं ते आपलं.

उन्हाचीच एक गोष्ट. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. आमच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट फिरले, लोकांनी देशातला उच्चांक म्हणून पुढे पाठवले. इतर काही केंद्रं चव्वेचाळीसच्या आसपास होती. सेन्सर बिघडल्याने तो आकडा चुकला, हे नंतर हवामान खात्यानेच सांगितलं. मला ताबडतोब लॅबमधले उणे २५,२१६ आठवले. चुकीचा आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. त्याचा रंग वेगळा नसतो, तो अडखळत नाही. आमच्या घरचे वीजबिलापासून गुणपत्रिकेपर्यंत सगळ्याला "कॉम्प्युटरनं दिलं" म्हणून मान डोलवतात, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. पण सांगायला गेलं की आई म्हणते, "मंग शिकून काय राहिली तू?"

दुकानातला धडा यापेक्षा मोठा निघाला. २०२३ च्या पावसाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक पेन ड्राइव्ह घेऊन आले. आमच्याच भंडारा जिल्ह्यातले. त्यांनी आयुष्यभर आमच्या भागातल्या झाडीबोलीतले शब्द, म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००३ च्या सुमारास तालुक्याच्या गावी एका ऑपरेटरकडून ते सगळं टाइप करून घेतलं होतं. पुस्तक काही निघालं नाही. ते दुकान बंद झालं, ऑपरेटर गाव सोडून गेला. गुरुजींकडे एक प्रिंट होती, तिची मधली पानं वाळवीने खाल्लेली. हस्तलिखिताच्या वह्या त्याआधीच घर बदलताना गेल्या होत्या. म्हणजे त्या पानांचा ऐवज जगात फक्त या पेन ड्राइव्हमध्ये.

"उघडत नाही म्हणते सगळे. पाहा बरं पोरी, तुले जमते का."

फाइल उघडत होती. आत मराठी नव्हतं, एवढंच. रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा पानभर सडा. गुरुजी म्हणाले, व्हायरस लागला असेल. दुकानातले भाऊही म्हणाले, करप्ट झाली आहे, सोडून दे.

करप्ट नव्हती. त्या काळी मराठी टायपिंग ज्या पद्धतीने व्हायचं, त्याचा हा नियमाप्रमाणे आलेला परिणाम होता. संगणकाला "न" साठवायचा हे ठाऊकच नसायचं. तो साठवायचा इंग्रजी "यू", आणि फॉन्ट त्या जागी "न"चं चित्र दाखवायचा. कृतीदेव फॉन्टमध्ये "नागपूर" लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्ष जातं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. फॉन्ट आहे तोवर नागपूर, फॉन्ट गेला की ही सहा अक्षरं. बरं, सगळ्यांचं कोष्टक एक असतं तरी चाललं असतं. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, सी-डॅकच्या आयएसएममधले फॉन्ट, प्रत्येकाची चित्रं वेगळ्या खणांत.

गंमत अशी की प्रमाण तेव्हाही होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे कोष्टक ऐंशीच्या दशकात तयार झालं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून सुधारून आलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या कोष्टकाची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली होती. पण छपाईच्या दुकानाला कोष्टकाशी काय घेणं? त्याला कागदावर सुबक अक्षर हवं होतं, आणि सुबक अक्षर या फॉन्टांत मिळत होतं. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी झेपत नसे. त्यामुळे युनिकोड येऊन दहा-बारा वर्षं झाली तरी तालुक्याच्या गावी काम जुन्याच पद्धतीने चालू होतं. खरं सांगायचं तर सीताबर्डीच्या आमच्या दुकानात लग्नपत्रिका अजूनही तशाच निघतात.

ती वर्डची फाइल असती तर मूळ फॉन्टचं नाव तरी वरच्या पट्टीत दिसलं असतं. ही होती साधी टेक्स्ट फाइल, आणि टेक्स्ट फाइल फॉन्टचं नाव लक्षात ठेवत नाही. दुकानात होते ते सगळे जुने फॉन्ट लावून पाहिले. कुठे "क" आणि "र" जुळायचे आणि बाकी सगळी खिचडी, कुठे तेवढंही नाही. शेवटी गुरुजींना म्हटलं, वाळवीने सोडलेली पानं आणून द्या.

पुढचं काम माझ्या दोन्ही पदव्यांतल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा कठीण आणि मजेचं होतं. छापील पानावरचा शब्द बघायचा, फाइलमधली तीच जागा शोधायची, आणि कोणत्या चिन्हामागे कोणतं अक्षर आहे ते एकेक करून टिपायचं. असं एक कोष्टक तयार झालं. ते पायथनच्या छोट्या प्रोग्रामला दिलं, की वाळवीने खाल्लेली पानंही वाचता यायला हवीत. पहिल्या फटक्यात जे आलं ते मराठीसारखं दिसत होतं, मराठी नव्हतं.

अडचण ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ती जशी दिसते तशीच टाइप होते, अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी दाखवली जाते. म्हणून प्रोग्रामने वेलांटी उचलून एक घर पुढे न्यायची. "किती" बरोबर आलं, "विहीर" बरोबर आली. "स्थिती" मात्र मोडली, कारण तिथे एक घर पुढे म्हणजे अर्ध्या "स"नंतर, आणि वेलांटी न्यायला हवी पूर्ण "थ"च्या पलीकडे. पडद्यावर मधोमध ते ठिपक्यांचं वर्तुळ आलं. मराठी मजकुरात हे वर्तुळ दिसलं की समजावं, एखादी वेलांटी किंवा मात्रा आपलं अक्षर शोधत भटकते आहे. रफारचं याच्या उलट. तो जुन्या फाइलमध्ये अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी न्यावा लागतो. आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला तो मराठी अर्धा र! हिंदीसाठी बनवलेल्या तयार प्रोग्रामांना तो माहीत नसतो; ते बिनदिक्कत य वर रफार देऊन मोकळे होतात. तो बरोबर उमटावा म्हणून सहसा नुक्ता असलेला र घ्यावा लागतो.

आणि मग शब्दयादी. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याला तिथे डोरा म्हणतात. आमच्या घरी आजी तसंच बोलायची, त्यामुळे मला ते शब्द ओळखू येत होते. सॉफ्टवेअरला नव्हते. स्पेलचेकने अख्खी यादी तांबडी करून टाकली आणि दर ओळीला प्रमाण मराठीतला शब्द सुचवू लागला. मी तो बंद केला. उलट त्या नसलेल्या अक्षरांचाच मला उपयोग झाला. गुरुजींच्या शब्दयादीच्या पानावर झाडीबोलीच्या रकान्यात ळ दिसला, की कोष्टकात कुठेतरी चूक आहे असं धरायचं आणि मागे जायचं. बहुतेक वेळा चूक सापडायची.

गेलेली पानं परत आली. गुरुजींनी ती दुकानातच, झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मोठ्याने वाचली. दोन-तीन चिन्हं अशी होती की शिल्लक पानांत ती एकदाही आलेली नव्हती. तिथे काय असावं ते त्यांनी आठवून सांगितलं. एका शब्दाबाबत त्यांनाही आठवेना. मी अंदाजाने अक्षर टाकते म्हटलं, तर म्हणाले, "नको. प्रश्नचिन्ह दे. अंदाज छापला की तोच खरा होऊन बसते." लॅबमध्ये आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकात बस बुडाल्या. आमच्या दुकानातही पाणी आलं. जमिनीवर ठेवलेले सीपीयू गेले, यूपीएस गेला, पत्रिकांचे कागद गेले. गुरुजींचं काम माझ्या लॅपटॉपवर आणि त्यांच्या मुलाच्या ईमेलमध्ये होतं, म्हणून वाचलं. तेव्हापासून दुकानातली सगळी यंत्रं टेबलावर आहेत.

या कामानंतर माझी चिडचिड कमी झाली असं नाही, पण तिला दिशा मिळाली. पूर्वी यंत्र बिघडलं की मी यंत्रावर वैतागायचे. आता मी विचारते, हे असं व्हावं असं कुणी, कधी आणि कशासाठी ठरवलं होतं? उणे २५,२१६ मागे सोळा बिटांचा निर्णय होता, जेव्हा मेमरी महाग होती तेव्हाचा. गुरुजींच्या फाइलमागे फॉन्टमध्ये इंग्रजी खण वापरायचा निर्णय होता. लहानसहान कटकटींत खरोखरचे बिघाड थोडेच निघतात. बाकी सगळे कुणाचे तरी जुने निर्णय, जे बदलायचे राहून गेले.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचंच घ्या. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. माणसाला दोन्हीत एकच मुलगी दिसते. संगणकाला दोन वेगळ्या अक्षरमाळा दिसतात आणि तो "नाव जुळत नाही" म्हणतो. दर वर्षी पावसाळ्यात असे बाप आणि लेकी आमच्या काउंटरशी उभे असायचे, खेड्यावरून एसटीने आलेले, दिवसाची मजुरी बुडवून. फोटो इतक्याच केबीचा हवा, सही तितक्याच, ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मोबाइल गावी भावाकडे. मी फोटो लहान करून द्यायचे, ते पाच मिनिटांचं काम. नावाचं काम माझ्या हातात नव्हतं. शब्दांचा क्रम सोडून नावं ताडून पाहणारा प्रोग्राम पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा लिहू शकतात. तो पोर्टलमध्ये नसतो, कारण पोर्टल लिहिणाऱ्याला हा बाप कधी भेटलेला नसतो. हा माझा राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

मराठी याद्यांचंही तसंच. पवनीच्या एका वाचनालयासाठी मी सभासदांची यादी अकारविल्हे लावून दिली, तर काळे हे कावळे आणि काशीकर यांच्या आधी आले. ग्रंथपाल काकांनी लगेच बोट ठेवलं, "ळ तर शेवटी येतो ना?" येतो. मुळाक्षरांत आपण ळ "ह"नंतर म्हणतो, युनिकोडच्या कोष्टकात तो "ल"च्या लगेच पुढे बसला आहे. क्रम लावताना मराठीचे नियम वेगळे सांगावे लागतात. ते सांगायची सोय आहे, वापरत कुणी नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, एखादा शब्द उलटा करून दाखवा. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. मी इंग्रजीऐवजी "नागपूर" घेतलं. संगणकाने उत्तर दिलं: रूपगान. समोरचे सर खूश. त्यांना वाटलं, चाललं. मी म्हटलं, हा योगायोग आहे, आता "विदर्भ" उलटा करू. आलं: भ्रदिव. काना, वेलांटी, हलन्त हे संगणकाच्या लेखी स्वतंत्र तुकडे. तो तुकडे उलटे करतो, अक्षरं नाही. इंग्रजीत बरोबर चालणारा प्रोग्राम मराठीत कुठे मोडतो, यावर मग आमचं बराच वेळ बोलणं झालं. नोकरी मिळाली. आता माझं कामच ते आहे: लोकांची नावं, पत्ते, मजकूर संगणकात शिरताना कुठे तुटतात ते शोधायचं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, शाळेत, वाचनालयात, मंडळाच्या कपाटात २०१० च्या आधी टाइप केलेली मराठी स्मरणिका, वंशावळ, एखादं अप्रकाशित पुस्तक सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर पडून असेल, तर ते या महिन्यात एकदा उघडून बघा. उघडलं तर युनिकोडमध्ये करून घ्या. फॉन्ट कोणता होता ते टाइप करणाऱ्याला विचारा आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवा. आणि मजकुराची एक प्रिंट काढून, वाळवी लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून उंच ठेवा.